प्रकाशाच्या जालकातले फर्मिऑन

१९८६ मध्ये झ्युरिकजवळच्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत बेडनोर्ट्झ आणि म्युलर या दोघा संशोधकांना एक अनपेक्षित गोष्ट दिसली. लॅन्थॅनम, बेरियम, तांबे आणि ऑक्सिजन यांच्या एका संयुगाचा विद्युतरोध ३५ केल्विनच्या आसपास झपाट्याने कोसळत होता. मातीच्या भांड्यांशी नाते सांगणाऱ्या, खरे तर वीज नीट वाहूही न देणाऱ्या पदार्थांच्या कुळात अतिसंवाहकता सापडली होती. पुढच्याच वर्षी दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले आणि त्याच वर्षी या कुळातले एक संयुग द्रव नायट्रोजनच्या तापमानाच्याही वर अतिसंवाहक ठरले. त्याला आता जवळजवळ चार दशके होत आली. या पदार्थांत इलेक्ट्रॉनांच्या जोड्या कशामुळे जमतात, याचे सर्वांना पटलेले उत्तर अजून मिळालेले नाही.

इलेक्ट्रॉन ज्या नियमांनी वागतो ते नियम माहीत आहेत. अडचण अशी, की खऱ्या स्फटिकात सगळे काही एकाच वेळी घडत असते. अणू कंप पावतात, अशुद्धी असते, थरांची रचना गुंतागुंतीची असते, इलेक्ट्रॉन एकमेकांना दूर लोटतात. यातला निर्णायक घटक कोणता, हे बाहेरून ओळखता येत नाही, कारण एक घटक काढून घेऊन उरलेला पदार्थ तसाच ठेवण्याची सोय निसर्गाने दिलेली नाही. या पुस्तकाचा विषय असलेल्या शास्त्राने ती सोय निर्माण केली. इलेक्ट्रॉनांच्या जागी अख्खे अणू घ्यायचे, स्फटिकाच्या जागी लेसरच्या प्रकाशाचे जालक उभारायचे, आणि हवे तेवढेच घटक त्यात ठेवून काय घडते ते पाहायचे. पदार्थाविषयी प्रश्न विचारण्याची ही नवी रीत आहे. तिची ताकद आणि तिच्या मर्यादा मराठी वाचकापुढे नीट मांडाव्यात, यासाठी हे पुस्तक लिहिले.

प्रथम फर्मिऑन म्हणजे काय ते पाहू. १९२४ मध्ये ढाक्याहून सत्येंद्रनाथ बोस यांनी आइन्स्टाइनला आपला लेख पाठवला आणि एकसारख्या कणांची गणती कशी करायची याचा विचारच बदलला. बोस यांच्या पद्धतीने वागणारे कण कितीही संख्येने एकाच स्थितीत राहू शकतात. ते बोसॉन. १९२५ मध्ये पाउलीने अपवर्जन तत्त्व मांडले आणि १९२६ मध्ये फर्मी व डिरॅक यांनी स्वतंत्रपणे दुसरी गणती पूर्ण केली. या दुसऱ्या कुळात एका स्थितीत एकच कण मावतो. ते फर्मिऑन. इलेक्ट्रॉन, प्रोटॉन आणि न्यूट्रॉन हे तिन्ही फर्मिऑन आहेत. म्हणून अख्ख्या अणूचे कुळ या तिघांच्या एकूण संख्येवर ठरते, बेरीज विषम आली तर फर्मिऑन, सम आली तर बोसॉन. लिथियम-६ मध्ये तीन प्रोटॉन, तीन न्यूट्रॉन, तीन इलेक्ट्रॉन, एकूण नऊ. लिथियम-७ मध्ये दहा. रसायनशास्त्राच्या दृष्टीने दोन्ही अणू सारखेच. पण पुरेसे थंड केले की एका न्यूट्रॉनाच्या फरकाने त्यांचे वागणे पार वेगळे होते.

२००१ मध्ये अमेरिकेतल्या राइस विद्यापीठात रँडल ह्युलेट यांच्या गटाने हाच फरक छायाचित्रात टिपला. एकाच सापळ्यात दोन्ही प्रकारचे लिथियम ठेवून ते थंड करत नेले. लिथियम-७ चा ढग आकसत गेला. लिथियम-६ चा ढग एका मर्यादेनंतर आकसायचा थांबला, कारण खालच्या सगळ्या स्थिती भरलेल्या होत्या आणि आणखी आत शिरायला जागाच नव्हती. श्वेतबटू ताऱ्याला स्वतःच्या गुरुत्वाखाली कोसळू न देणारा दाब याच जातीचा. १९३० मध्ये इंग्लंडला जाताना मुंबईहून निघालेल्या बोटीवर तरुण चंद्रशेखर यांनी ज्या दाबाच्या मर्यादेचे गणित मांडायला घेतले, तो दाब आता निर्वात पात्रातल्या एका इवल्या ढगात डोळ्यांनी पाहता येत होता.

इथपर्यंत पोहोचणे सोपे नव्हते. लेसरने अणू थंड करता येतात ही कल्पना १९७५ पासूनची. समोरून येणाऱ्या प्रकाशकणांचे धक्के बसत अणूचा वेग कमी होत जातो. १९८५ मध्ये स्टीव्हन चू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा झोतांच्या मधे सोडियमचे अणू असे मंदावून दाखवले. या कामासाठी चू, कोहेन-तानुजी आणि फिलिप्स यांना १९९७ चे नोबेल मिळाले. तरीही केवळ लेसर पुरत नाही. शेवटचा टप्पा बाष्पीभवनाचा. बशीत ओतलेला चहा जसा सर्वांत तापट रेणू वाफ होऊन निघून गेल्याने निवतो, तसे सापळ्यातले सर्वांत वेगवान अणू बाहेर जाऊ द्यायचे आणि उरलेल्यांनी आपसात टकरा घेत नवे, कमी तापमान गाठायचे. याच मार्गाने १९९५ मध्ये कोलोराडोतल्या बोल्डरच्या जिला या संस्थेत रुबिडियमचे आणि काही महिन्यांत एमआयटीमध्ये सोडियमचे बोस-आइन्स्टाइन संघनन, म्हणजे असंख्य बोसॉनांचे एकाच स्थितीत गोळा होणे, साधले.

फर्मिऑनांच्या बाबतीत नेमका हाच मार्ग बंद होता. इतक्या कमी तापमानाला टक्कर व्हायची तर दोन अणू एकमेकांच्या अगदी निकट यावे लागतात, आणि एकाच स्थितीतल्या दोन फर्मिऑनांना तेच वर्ज्य आहे. टकरा नाहीत म्हणजे नवे तापमान जमणे नाही. डेबोरा जिन आणि त्यांचा विद्यार्थी ब्रायन डिमार्को यांनी जिलामध्येच यावर उपाय काढला. निसर्गातल्या पोटॅशियममध्ये दहा हजारांत जेमतेम एक असणारा पोटॅशियम-४० चा अणू त्यांनी निवडला आणि तो दोन वेगळ्या स्पिन-स्थितींत, म्हणजे आतल्या चुंबकी दिशेच्या दोन वेगळ्या स्थितींत, ठेवला. भिन्न स्थितींतल्या अणूंना एकमेकांवर आदळण्याची मुभा होती. १९९९ मध्ये जगातला पहिला अपभ्रष्ट फर्मी वायू तयार झाला. 'अपभ्रष्ट' हा इथे पारिभाषिक शब्द आहे. अणू तळापासून एकेका ऊर्जापातळीवर रांगेने बसले आहेत, एवढाच त्याचा अर्थ. २००४ मध्ये जिन यांच्या गटाने फर्मिऑनांच्या जोड्यांचे संघननही दाखवले. २०१६ मध्ये अवघ्या सत्तेचाळिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. या क्षेत्रातला आजचा प्रत्येक प्रयोग त्यांनी उघडलेल्या दारातून आत आलेला आहे.

आता जालकाकडे वळू. समोरासमोरून आलेले दोन लेसर झोत एकमेकांत मिसळले की स्थिर तरंग तयार होतो, म्हणजे उजळ आणि अंधारे पट्टे आपापल्या जागी थबकलेले राहतात. लेसरची तरंगलांबी योग्य निवडली तर अणू उजळ जागांकडे ओढला जातो. तीन दिशांनी असे झोत सोडले की अवकाशात खळग्यांची त्रिमितीय मांडणी उभी राहते. १०६४ नॅनोमीटरचा लेसर वापरला तर दोन खळग्यांमधले अंतर ५३२ नॅनोमीटर, खऱ्या स्फटिकातल्या अंतराच्या हजारपटीहून अधिक. अणू आपल्या खळग्यात बसून राहू शकतो किंवा पुंजयांत्रिकीच्या नियमाने मधली भिंत ओलांडून शेजारच्या खळग्यात जाऊ शकतो. धातूत इलेक्ट्रॉनाची अशी उडी फेमटोसेकंदांत होते. इथे ती मिलिसेकंदांत होते, म्हणून ती टप्प्याटप्प्याने पाहता येते. प्रकाशाची तीव्रता वाढवली की खळगे खोल होतात आणि उड्या कमी होतात. चुंबकीय क्षेत्र बदलले की फेशबाख अनुस्पंदनामुळे अणूंमधले आकर्षण किंवा प्रतिकर्षण हवे तसे कमीजास्त करता येते. या प्रकाशाच्या स्फटिकात दोष नाहीत, अशुद्धी नाहीत आणि जालकाची स्वतःची कंपनेही नाहीत.

अशा व्यवस्थेचे वर्णन करणारे प्रतिमान प्रयोगाच्या कितीतरी आधी लिहून झाले होते. १९६३ मध्ये इंग्लंडमधल्या हार्वेल इथल्या जॉन हबर्ड यांनी आणि त्याच सुमारास गुट्झविलर व कानामोरी यांनी स्वतंत्रपणे ते मांडले. त्यात दोनच राशी आहेत. शेजारी उडी मारण्याने मिळणारी ऊर्जा ही एक, आणि एकाच जागी दोघे आले तर मोजावी लागणारी किंमत ही दुसरी. पहिली मोठी असेल तर कण सगळीकडे पसरतात आणि पदार्थ धातूसारखा वागतो. दुसरी मोठी असेल आणि जागेगणिक एकच कण असेल, तर कोणीच हलत नाही. असा पदार्थ मॉट निरोधक. निकेल ऑक्साइड जुन्या सिद्धांताप्रमाणे धातू असायला हवे होते आणि प्रत्यक्षात निरोधक होते, हे कोडे १९३७ पासूनचे. त्याचे उत्तर याच दिशेने मिळाले. अशा निरोधकात शेजाऱ्यांचे स्पिन उलटसुलट लागतात आणि प्रतिलोहचुंबकी रचना तयार होते. तिच्यातून काही कण काढून घेतले, की उरलेले पुन्हा हलू लागतात. तांब्याच्या ऑक्साइडांमध्ये अतिसंवाहकता नेमकी याच प्रांतात आढळते. म्हणून १९८७ पासून फिलिप अँडरसन यांच्यासारख्यांचे म्हणणे असे, की हबर्ड प्रतिमान समजले तर तिचे मूळही समजेल.

दोन राशींचे हे प्रतिमान सोडवणे मात्र कमालीचे अवघड आहे. एका सरळ रेषेतल्या साखळीसाठी लीब आणि वू यांनी १९६८ मध्ये नेमके उत्तर काढले. दोन मितींत तसे उत्तर नाही. प्रत्येक जागा रिकामी, एका स्पिनची, दुसऱ्या स्पिनची किंवा दोन्हींची, अशा चार प्रकारे असू शकते. दहा गुणिले दहा जागांच्या छोट्याशा जालकातही एकूण शक्यता पृथ्वीतल्या साऱ्या अणूंच्या संख्येच्या कितीतरी पुढे जातात. यादृच्छिक नमुने घेऊन गणित करण्याच्या माँटे कार्लो पद्धतीही फर्मिऑनांपुढे अडखळतात, कारण दोन फर्मिऑनांची अदलाबदल केली की चिन्ह बदलते आणि धन व ऋण पदे एकमेकांना खोडून टाकतात. निसर्गाची पुंजव्यवस्था समजायची तर यंत्रही पुंजनियमांनी चालणारे हवे, असे फाइनमन यांनी १९८१ च्या व्याख्यानात सुचवले होते. १९९८ मध्ये याक्श, सिराक, झोलर आणि सहकाऱ्यांनी प्रकाशजालकातले बोसॉन हे असे यंत्र होऊ शकते हे दाखवले. २००२ मध्ये म्युनिकमध्ये ग्राइनर, एसलिंगर, हेन्श आणि ब्लॉख यांच्या गटाने अतिप्रवाही, म्हणजे घर्षणाविना वाहणाऱ्या, वायूचे मॉट निरोधकात रूपांतर करून ते सिद्ध केले. त्याच वर्षी होफस्टेटर आणि सहकाऱ्यांनी फर्मिऑनांसाठीही हाच मार्ग सुचवला.

पुढची वीस वर्षे याच मार्गाची आहेत. २००५ मध्ये झ्युरिकच्या ईटीएचमध्ये एसलिंगर यांच्या गटाने पोटॅशियम-४० त्रिमितीय जालकात भरले आणि फर्मी पृष्ठाचे, म्हणजे भरलेल्या आणि रिकाम्या स्थितींमधल्या सीमेचे, थेट चित्र घेतले. अणूंची संख्या वाढवत नेली तसा गोल आकार हळूहळू जालकाचा चौकोनी आकार धारण करत गेला, म्हणजे धातूचा निरोधक होताना दिसला. पाठ्यपुस्तकातली आकृती पहिल्यांदाच छायाचित्र झाली. २००८ मध्ये झ्युरिक आणि माइंझ या दोन्ही ठिकाणी फर्मिऑनांचा मॉट निरोधक तयार झाला. २०१५ हे वर्ष सूक्ष्मदर्शकांचे. हार्वर्ड, एमआयटी, म्युनिक, ग्लासगो आणि टोरांटो इथल्या गटांनी जालकातला एकेक फर्मिऑन वेगळा दाखवणारे पुंजवायू-सूक्ष्मदर्शक जवळजवळ एकाच वेळी उभे केले. त्यातून मिळते ते सरासरी मापन नसते. कोणता अणू कुठे बसला आहे आणि कोणती जागा रिकामी आहे, याची यादीच प्रत्येक छायाचित्रात असते. २०१७ मध्ये हार्वर्डच्या ग्राइनर गटाने सुमारे ऐंशी जागांच्या जालकात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पोहोचलेली प्रतिलोहचुंबकी रचना दाखवली. २०१९ मध्ये प्रिन्स्टनच्या गटाने याच प्रतिमानात तापमानाच्या सरळ प्रमाणात वाढणारा रोध मोजला. तांब्याच्या ऑक्साइडांचे हे एक विचित्र लक्षण, ते इथे कोणत्याही अशुद्धीशिवाय प्रकटले. २०२४ मध्ये चीनच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विद्यापीठातल्या गटाने सुमारे आठ लाख जागांच्या त्रिमितीय जालकात प्रतिलोहचुंबकी अवस्थांतर घडवले.

या क्षेत्रात आज काही निरनिराळे प्रवाह आहेत. पहिला प्रवाह जालकाविना काम करणाऱ्यांचा. जिला, एमआयटी, इन्सब्रुक, पॅरिस आणि राइस इथे आकर्षणाची तीव्रता बदलत घट्ट रेणूंपासून सैल जोड्यांपर्यंतचा सलग प्रवास अभ्यासला गेला. २००५ मध्ये एमआयटीतल्या केटर्ले यांच्या गटाने दाखवलेल्या भोवऱ्यांनी हे वायू खरोखर अतिप्रवाही असल्याचा पुरावा दिला. दुसरा प्रवाह जालकाचा आकारच बदलणाऱ्यांचा. २०१४ मध्ये ईटीएचमध्ये षट्कोनी जालक तालबद्ध हलवून हॉल्डेन यांनी १९८८ मध्ये कागदावर मांडलेले प्रतिमान प्रत्यक्षात आणले गेले. तिसरा प्रवाह सूक्ष्मदर्शकांचा. चौथा प्रवाह स्ट्राँशियम आणि यटर्बियमसारख्या अणूंचा. क्योटोमध्ये ताकाहाशी यांच्या गटाने यटर्बियम-१७३ च्या सहा समान स्पिन-स्थिती वापरून असा मॉट निरोधक केला, ज्याची जोडी इलेक्ट्रॉनांच्या जगात नाही. पाचवा प्रवाह खालून वर बांधत जाणाऱ्यांचा. हायडेलबर्गमध्ये दोन, तीन, चार असे मोजून फर्मिऑन घेतले आणि मूठभर कणांपासून सामूहिक वर्तन कधी सुरू होते ते पाहिले. या सगळ्यांच्या बरोबरीने सिद्धांताचे प्रवाहही आहेत. त्यांतल्या अलीकडच्या मोठ्या गणितांनी एक महत्त्वाची सूचना दिली आहे. हबर्ड प्रतिमानाचे सर्वांत साधे रूप अतिसंवाहकतेला कदाचित पुरेसे नाही, आणि कर्णावरच्या शेजाऱ्याकडे होणारी उडी जमेस धरली की चित्र बदलते.

या टप्प्यावर नव्या वाचकाचा एक समज दूर करायला हवा, कारण या क्षेत्रातली सर्वांत मोठी झुंज त्याच्याआड दडते. हे वायू केल्विनच्या अब्जांश भागांत मोजण्याइतके थंड असतात. तारकांमधल्या अवकाशातही सुमारे २.७ केल्विनचे प्रारण भरलेले आहे. मग आणखी थंड कशासाठी करायचे? कारण फर्मिऑनांच्या हिशेबात थंडी ठरते ती त्यांच्या स्वतःच्या ऊर्जेच्या तुलनेत. तांब्याच्या तारेतल्या इलेक्ट्रॉनांचे फर्मी तापमान, म्हणजे तापमानाच्या भाषेत मांडलेली हीच ऊर्जा, सुमारे ८०,००० केल्विन असते. म्हणजे आपल्या खोलीतली ३०० केल्विनची तारसुद्धा त्या मापाने अडीचशेव्या भागाहूनही खाली आहे. अणू जड असतात आणि हवेहून लाखो पटींनी विरळ ठेवावे लागतात, म्हणून त्यांचे फर्मी तापमान मायक्रोकेल्विनच्या घरात येते आणि प्रयोगातले तापमान त्याच्या दहाव्या ते विसाव्या भागापर्यंतच सहज पोहोचते. विश्वातला सर्वांत थंड वायू या अर्थाने विजेच्या तारेपेक्षा गरम आहे. म्हणून इथली खरी लढाई अंशांशी नसून एंट्रॉपीशी आहे. जालकाच्या एका भागातली अव्यवस्था कडेच्या दुसऱ्या भागात ढकलून मधला भाग शिस्तीत आणायचा, हे तंत्र गेल्या दशकात विकसित झाले, आणि २०१७ चे यश त्यावरच उभे होते. अतिसंवाहक जोड्या अपेक्षित आहेत ते तापमान त्याच्याही खाली आहे. २०२३ मध्ये म्युनिकच्या गटाने शिडीच्या आकाराच्या जालकात चुंबकी बंधामुळे रिकाम्या जागांच्या जोड्या जमताना पाहिल्या. वाट बरोबर असल्याची ही ठोस खूण आहे.

हे सगळे आज का महत्त्वाचे? एक कारण व्यवहाराचे. स्ट्राँशियम-८७ हा फर्मिऑन प्रकाशजालकात बसवून केलेली घड्याळे विश्वाच्या वयाइतक्या काळात एका सेकंदानेही चुकणार नाहीत इतकी अचूक झाली आहेत, आणि सेकंदाची व्याख्या नव्याने करण्याची तयारी जगभर सुरू आहे. दुसरे कारण आपल्या देशाचे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने सुमारे सहा हजार कोटी रुपयांचे राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केले. त्यातले क्वांटम संवेदन आणि मापनाचे केंद्र मुंबईच्या आयआयटीत आहे. पुण्याच्या आयसरमध्येही अतिशीत अणूंवर प्रयोग होतात. या संस्थांच्या दारात उद्या उभे राहणारे विद्यार्थी महाराष्ट्रातल्या तालुक्यांच्या महाविद्यालयांतूनही येतील. त्यांना या विषयाची पहिली ओळख स्वतःच्या भाषेत व्हावी, अशी माझी कळकळीची इच्छा आहे.

तिसरे कारण मला सर्वांत मोलाचे वाटते. ही रीत वैज्ञानिकाला आपला प्रश्न अचूक मांडायला भाग पाडते. जालकात उडी आणि प्रतिकर्षण यांशिवाय काहीच ठेवले नाही आणि तरी जोड्या जमल्या, तर तेवढेच घटक पुरेसे आहेत हे कळेल. नाही जमल्या, तर खऱ्या स्फटिकात आणखी काहीतरी लागते हे तितक्याच खात्रीने कळेल. दोन्ही उत्तरे सारखीच मौल्यवान आहेत. प्रतिमान हे आजवर निसर्गाचे कागदावरचे संक्षिप्त रूप होते. आता ते बांधून, पाहून, मोडून पुन्हा बांधता येते.

या पुस्तकात प्रयोग आणि सिद्धांत वेगळे काढलेले नाहीत. प्रत्येक कल्पना ती ज्या अडचणीतून जन्मली त्या अडचणीपासून सुरू केली आहे. गणित आवश्यक तेथे आहे, पण पदवीच्या पहिल्या वर्षाच्या भौतिकीपलीकडे ते जाऊ दिलेले नाही. यंत्रांचे वर्णन तपशिलात केले आहे, कारण आरसे, निर्वात पंप आणि चुंबकांची वेटोळी यांच्या मेहनतीशिवाय यातला एकही निष्कर्ष निघाला नसता. परिभाषा मराठी विश्वकोशाच्या वळणाची ठेवली आहे, आणि जिथे रुळलेला परका शब्दच सोपा वाटला तिथे तोच घेतला आहे. निकाल सांगताना काय मोजले आणि काय अनुमानाने ठरवले, यातली रेषा जागोजागी स्पष्ट केली आहे. अतिसंवाहकतेचे कोडे हे पुस्तक सोडवत नाही. ते आज नेमके कुठे अडले आहे, कोणते मापन ते पुढे नेईल आणि त्या मापनासाठी अणू किती थंड व्हावे लागतील, हे मात्र शेवटच्या पानापर्यंत पोहोचलेल्या वाचकाला स्वतःच्या शब्दांत सांगता यावे. तेवढे साधले तर नवा निकाल प्रसिद्ध होईल तेव्हा त्याचे वजन तो स्वतः जोखू शकेल. त्यातल्या एखाद्याला पुढचे मापन आपणच करावेसे वाटले, तर त्यासाठी लागणारी पूर्वतयारीही याच पानांत त्याला मिळेल.